आधी डोकी, मग डबा

घार घाबरट होती. हे धक्क्यावर कोणी बोललं असतं तर लोक पोट धरून हसले असते, कारण घार म्हणजे सगळ्यात उंच क्रेन चालवणारी बाई. चांगल्या दहा-बारा मजल्यांच्या उंचीवर, काचेच्या तळाच्या केबिनमध्ये बसायचं, पायांच्या मधून खाली बघायचं, बोटीवरचा कंटेनर उचलायचा आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या ट्रकच्या पाठीवर असा ठेवायचा की ड्रायव्हरच्या हातातला चहा सांडू नये. म्हणून तिचं नाव घार पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

पण होती घाबरट. घराबाहेर पडताना गॅस बंद केलाय की नाही हे परत जाऊन बघायची. लेकीला शाळेतून यायला जरा उशीर झाला की हिचा जीव टांगणीला. संध्याकाळी दाराशी काढून ठेवलेल्या चपला मोजल्याशिवाय जेवायला बसायची नाही. सासूबाई हसायच्या.

"अगं, आपल्या चपला कोण नेतंय? मेल्या चोराला सुद्धा त्या नकोत."

"चपला नाही हो आई, माणसं मोजते."

"मग माझ्याकडे बघून मोज की. मी ही अशी समोर बसलेय डोंगरासारखी!"

घाबरट बाई इतक्या उंचावर गेलीच कशी, तर तिच्या उस्तादामुळे. म्हातारा क्रेन शिकवायचा. पहिल्याच दिवशी तिने शिडीच्या मध्यावर डोळे मिटून घेतले, तेव्हा बाकीची शिकाऊ पोरं खो-खो हसली. उस्तादाने त्या पोरांना खाली पाठवलं आणि हिला वर नेलं. म्हणाला, "ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हाताखाली मी माझं मांजरसुद्धा उभं करणार नाही. तू घाबर. फक्त भीतीला काहीतरी काम दे, नाहीतर ती तुला खाईल."

आणि त्याने तिला काम दिलं. आधी डोकी, मग डबा.

धक्क्यावर कंटेनरला डबाच म्हणतात. बोटीवर हे डबे एकावर एक, रांगेने रचलेले असतात. दोन रांगांमध्ये जेमतेम एक माणूस आडवा सरकेल एवढी फट. डबे लोखंडी सळयांनी आवळलेले, कोपऱ्यांना कुलपं घातलेली. ही सळया-कुलपं सोडवणारी टोळी त्या फटींमध्ये शिरून काम करते. मुकादम धरून सहा माणसं. क्रेनने डबा उचलायची वेळ आली की सहाही जणांनी फटीतून बाहेर यायचं आणि बोटीच्या कडेला, कठड्यापाशी उघड्यावर उभं राहायचं. वरून माणूस दिसत नाही, पिवळं हेल्मेट आणि खाली नारिंगी जाकीट दिसतं. घारीने सहा हेल्मेटं मोजायची, मग उचलायचं. डबा किनाऱ्याकडे गेला की माणसं परत फटीत. असं दिवसभर. एकदा म्हणे उस्तादाने मोजलं नव्हतं. त्यापुढचं तो कधी सांगायचा नाही, आणि त्याला विचारायची कोणाची छाती नव्हती.

या सहा हेल्मेटांत एक घारीच्या नवऱ्याचं होतं. पूर्वी नियम होता, नवरा-बायकोने एका बोटीवर काम करायचं नाही. पण माणसं कमी केली तेव्हा तो नियमही खुंटीला टांगला गेला. त्याआधी बोटीवर उभं राहून हाताने खुणा करणारा एक इशारेवाला असायचा, तोही गेला. आता मोजायला ती एकटी आणि खाली तिचा स्वतःचा माणूस.

आता हे माणसं कमी करण्याचं काय होतं तेही सांगायला हवं. मध्यंतरी देशाला बंदरांचं वेड लागलं. ज्याने त्याने आपल्या किनाऱ्यावर नवा धक्का बांधला, शेजाऱ्याच्या क्रेनपेक्षा आपली क्रेन उंच केली, फिती कापल्या, भाषणं केली. एवढं सगळं झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की बोटी आहेत तेवढ्याच आहेत. पंगतीत पानं शंभर मांडली आणि जेवायला पाहुणे वीस. मग सगळे धक्के त्या वीस पाहुण्यांचे हात धरून ओढायला लागले. न आलेल्या बोटींवरून भांडणं सुरू झाली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

घारीच्या धक्क्यावर तर दिवसच्या दिवस समोर नुसतं पाणी. तरी वरून हुकूम होता, क्रेन रिकामी दिसता कामा नये. कोण पाहुणा कधी येईल सांगता येत नाही. म्हणून बोट नसतानाही तिने वर जाऊन बसायचं. काम असलं की भीतीला मोजणी करायला लावता यायची. रिकाम्या दिवसांत काय मोजणार? काचेखाली ओकाबोका धक्का, वाऱ्याने केबिन हलतेय, आणि मनात येतंय की ही काच तडकली तर. रिकामं डोकं सैतानाचं घर म्हणतात ते खोटं नाही. त्या महिन्यांत ती इतकी घाबरी झाली की खाली उतरल्यावरही जमीन हलल्यासारखी वाटायची.

शेवटी बातमी आली, काही धक्के बंद होणार. कोणते, ते कार्यक्षमतेवर ठरणार. म्हणजे तासाला किती डबे उचलता, त्यावर. प्रत्येक धक्क्याची एका बोटीवर परीक्षा.

परीक्षेच्या तयारीसाठी एक माणूस आला. चांगला हसतमुख, अदबशीर. हातात सतत घड्याळ, म्हणून टोळीने त्याला घड्याळवाला म्हणायला सुरुवात केली. त्याने मोठ्या साहेबांच्या खोलीत घारीला बोलावलं आणि पडद्यावर तिच्याच क्रेनचं चित्रीकरण लावलं.

"बाई, हात तुमचा फारच सुंदर. फक्त हे बघा. प्रत्येक उचलीच्या आधी तुम्ही थांबता. काय करता तेव्हा?"

"मोजते."

"काय?"

"माणसं."

घड्याळवाल्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खिडकीकडे बघितलं.

"माणसं मोजायला मुकादम आहे ना," घड्याळवाला म्हणाला. "तुम्ही थांबता, माणसं बाहेर येऊन उभी राहतात, परत आत जातात. दिवसभरात यात किती वेळ जातो माहितीये? नव्या धक्क्यांवर हे नाही."

"तिथे माणसं नाहीत का?" घारीने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. साहेबांना मात्र ते टोचल्यासारखं वाटलं.

"हे बघा," साहेब म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी थांबणं दिसलं तर मला तुमच्या जागी दुसरं कोणी बसवावं लागेल. धक्का गेला तर सगळेच जातील. तुमचे यजमानही."

साहेब वाईट नव्हते, पण त्या दिवशी उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि त्यांनाही आपल्या उंटाची काळजी होती.

रात्री घरी सगळे जेवले. लेक आजीजवळ अभ्यासाला बसल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्याच्याने नाही होणार. मोजलं तर सगळ्यांच्या पोटावर पाय, नाही मोजलं तर... नाही मोजलं तर काय होईल ते मला बोलवतसुद्धा नाही."

नवरा कमी बोलणारा. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा हा घामाघूम झाला होता. त्याने तिच्या ताटात भात वाढला.

"तू तुझं मोज," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. भीतीने माणूस कधी कधी प्रश्न विचारायचंही टाळतो.

परीक्षेची बोट सकाळी लागली. धक्क्यावर मांडव, खुर्च्या, पाहुणे. घारीच्या केबिनमध्ये नवा पडदा बसवला होता, त्यावर आकडा. वेग पुरेसा असला की हिरवा, नाहीतर लाल. सकाळभर तो लालच राहिला. ती मोजत होती, माणसं फटीतून बाहेर येत होती, उभी राहत होती, परत जात होती. वॉकीटॉकीवर घड्याळवाल्याचा गोड आवाज येत होता, "बाई, जरा मनावर घ्या." क्रेन चालवायच्या दांडीवरचा हात ती पुन्हा पुन्हा काढून पुसत होती.

चहाची सुट्टी झाली. टोळी बोटीवरच एका कोपऱ्यात गोळा होऊन काहीतरी बोलत होती. तिने वरून बघितलं आणि वाटलं, चहा पिताहेत.

सुट्टीनंतर चमत्कार झाला. ती क्रेनचा हात बोटीवर नेते तो सहाच्या सहा हेल्मेटं कठड्यापाशी ओळीने हजर! एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. उचल. किनाऱ्यावर ठेव. परत ये, सहा हजर. वाट बघायला नको, कोणाला हाक मारायला नको. सकाळी रेंगाळत बाहेर येणारी माणसं आता तिच्या आधीच शहाण्या पोरांसारखी उभी. आकडा लाल होता तो हिरवा झाला. मग आणखी वर गेला. मांडवातून टाळ्या ऐकू आल्याचा तिला भास झाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला उंचीचा विसर पडला. ती चक्क गुणगुणायला लागली.

तिने एक डबा उचलला. तो रांगेतून वर निघाला, शेजारच्या रांगेच्या डोक्यावर आला. किनाऱ्याकडे वळवण्याआधी तिने सहज कठड्याकडे बघितलं.

एक पांढरा पक्षी आला आणि मुकादमाच्या डोक्यावर बसला.

मुकादम म्हणजे असा माणूस की अंगावर माशी बसली तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तो हलला नाही. पक्ष्याने पंख सावरले, दोन पावलं टाकली, चोच घासली. मुकादम हलला नाही. शेजारचा हसला नाही. कोणीच मान वळवली नाही. मग पक्षी उडाला, त्याच्या धक्क्याने हेल्मेट कलंडलं आणि कठड्यावरून घरंगळत खाली पडलं. त्याच्या खाली डोकं नव्हतं. कठड्याच्या खांबाला अडकवलेलं नुसतं जाकीट वाऱ्यावर फडफडत होतं.

घारीने उरलेल्या पाचांकडे बघितलं. शेतात बुजगावणी उभी करतात तशी ती पाच जाकिटं उभी होती.

माणसं मग कुठे आहेत? माणसं फटीत आहेत. चहापासून फटीतच आहेत. उघड्या डोक्यांनी वाकून कुलपं सोडवताहेत, आणि आपण गुणगुणत त्यांच्या डोक्यावरून डबे नेतोय. किती नेले? कोणाच्या किती जवळून नेले? तिला एकही आठवेना. आणि आत्ता या क्षणी हा डबा हवेत लटकतोय, त्याच्याखाली कोण आहे?

पुढे नेला तर कोणाच्या डोक्यावरून जाईल. परत खाली ठेवला तर, मोकळी जागा दिसल्यावर कोणी तिथे पाय टाकला असेल. तिने दांडी सोडली नाही, हलवलीही नाही. डबा वाऱ्याने हळूहळू झुलत होता. तिने वॉकीटॉकी ओठांशी धरला.

"मुकादम! बाहेर या! सगळे बाहेर या! अहो, ऐकताय का? बाहेर या!"

कोणी ऐकलं नाही. वॉकीटॉकी जाकिटांच्या खिशात होते. तिचा आवाज कठड्यावरच्या रिकाम्या खिशांमध्ये ओरडत राहिला.

उत्तर आलं ते घड्याळवाल्याचं. "बाई, का थांबलात? आकडा घसरतोय."

क्रेनवर एक भोंगा असतो. जिवावर बेतलं तरच वाजवायचा असा दंडक. तिने नोकरीत तो एकदाही वाजवला नव्हता. तिने त्याच्यावर तळहात दाबला आणि काढलाच नाही. मांडवातले पाहुणे उठून उभे राहिले. ट्रकवाले दारं उघडून बाहेर आले. आणि मग फटींतून माणसं निघायला लागली, कानांवर हात ठेवून, चिडून, वर बघत. काळी डोकी, एक पांढरं डोकं, ते मुकादमाचं. एक. दोन. तीन. चार. पाच.

सहावं येईना.

भोंगा वाजत होता, ती बघत होती, आणि सहावं येईना. केबिनच्या काचेवर तिचं कपाळ टेकलं होतं. ती देवाला काही मागत नव्हती, ती फक्त पाचच्या पुढचा आकडा मागत होती.

लटकत्या डब्याच्या बरोबर खालून एक डोकं बाहेर आलं. हळूहळू, मागे वळून काहीतरी खेचत. हातमोजा गंजलेल्या कुलपात अडकला होता, तो सोडवत. त्या डोक्याच्या मधोमध हातावर मावेल एवढं टक्कल होतं. इतके दिवस ती या माणसाला वरून बघत आली होती, पण हेल्मेट बघत आली होती. नवऱ्याला टक्कल पडतंय हे तिला त्या दिवशी कळलं.

तो कठड्याशी जाऊन उभा राहिला. तिने सहा मोजले. मग परत मोजले. मग डबा होता तिथेच खाली ठेवला आणि शिडी उतरायला लागली. प्रत्येक पायरीवर दोन्ही हातांनी धरून थांबावं लागत होतं. मुकादम आणि नवरा शिडीच्या पायथ्याशी आले होते.

"ही अक्कल कोणाची?" तिने विचारलं.

मुकादम बुटांकडे बघत म्हणाला, "घारे, रागावू नकोस. तू मोजल्याशिवाय उचलत नाहीस, आणि मोजलंस तर ते तुला काढताहेत. म्हटलं मोजायलाही मिळेल आणि वेळही जाणार नाही..."

"माझी," नवरा म्हणाला. "अक्कल माझी. तुला बरं वाटावं म्हणून."

"बरं वाटलं ना! गाणं म्हणत होते मी." तिचा आवाज फाटला. "किती डबे नेले मी तुमच्या डोक्यावरून, माहितीये?"

"नाही."

"मलाही नाही."

धक्क्यावर, पाहुण्यांच्या देखत, ती त्याच्या उघड्या डोक्यावर हात ठेवून रडली, आणि लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

उरलेली बोट तिने रिकामी केली, पण मोजून. दर उचलीला सहा जणांनी चेहरे वर करून दाखवायचे, तेव्हाच दांडी हलायची. आकडा परत लाल झाला तो लालच राहिला. घड्याळवाल्याने बोलणं सोडून दिलं.

निकाल सांगायला साहेबांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. साहेब खूश होते. म्हणाले, भोंग्यापासून पुढचा वेळ क्रेनचा बिघाड धरून वगळला आहे. आणि चहानंतर आपल्या धक्क्याने जो वेग दाखवला तो देशात कोणी दाखवलेला नाही. आपला धक्का वाचला! एवढंच नाही, आता देशातल्या प्रत्येक धक्क्याला हाच आकडा गाठावा लागणार आहे.

टाळ्या झाल्या. मुकादमाने वाजवल्या, ट्रकवाल्यांनी वाजवल्या, टोळीने वाजवल्या. कोणाच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण घरं वाचली होती. घार नुसती बसून होती. तिला दुसऱ्या किनाऱ्यांवरच्या क्रेन दिसत होत्या. त्यांच्या केबिनमध्ये बसलेली, तिने कधी न पाहिलेली माणसं, समोर लाल आकडा, आणि खाली कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ. त्यांना कोण सांगणार की हा आकडा रिकाम्या जाकिटांचा आहे?

ती उठली. क्रेनवर वाटली नव्हती तेवढी भीती तिला त्या खोलीत वाटली, कारण खाली काच नव्हती, ओळखीची माणसं होती आणि ती तिच्याकडेच बघत होती.

"साहेब, तो वेग खोटा आहे," ती म्हणाली. "कठड्यावर माणसं नव्हती."

"बाई, बसा. बिघाडाचं आपण नंतर बोलू."

"बिघाड नव्हता. मी माणसांच्या डोक्यावरून डबे नेत होते."

साहेबांनी टोळीकडे बघितलं. "खरं आहे?" मुकादमाने मान खाली घातली. कोणी काही बोललं नसतं तर बाई थकलीय म्हणून विषय मिटला असता, आणि सगळ्यांना तेच हवं होतं. तेव्हा तिचा नवरा उठला. बोलायची त्याला सवय नव्हतीच. त्याने जाकीट काढलं, खुर्चीच्या पाठीला अडकवलं, वर हेल्मेट ठेवलं आणि बाजूला झाला.

"असं," तो म्हणाला.

तो आकडा मागे घेतला गेला. त्याच वर्षी धक्का बंद झाला. तो घारीच्या बोलण्याने की मुळातच बोटी नव्हत्या म्हणून, यावर टोळीत बरेच दिवस वाद चालला. दोघातिघांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मुकादम मात्र घरी येऊन सासूबाईंच्या हातचा चहा पिऊन गेला, आणि जाताना म्हणाला, "घारे, माझी सून तुझ्या नावाने बोटं मोडते. पण मी धडधाकट घरात आहे म्हणून मोडते, एवढं तिच्या लक्षात येत नाही."

आता घार एका गोदामात मालाच्या गाड्या हलवते, जमिनीवर. गाडी मागे घेण्याआधी सगळ्यांना चेहरे दाखवायला लावते, आणि नवी पोरं तिची टिंगल करतात. भीती गेली नाही. नवऱ्याने नव्या कामावरून येऊन दारामागच्या खिळ्याला जाकीट अडकवलेलं असतं, वर टोपी. त्याच्याजवळून जाताना ती अजून थांबते. बोटांनी जाकीट चाचपते, आत कोणी नाही याची खात्री करते. मग आत जाऊन तो कुठे बसलाय ते बघते, आणि त्याच्या टकलावर हात ठेवते.

"आलोय गं," तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो.

"वर बघा," ती म्हणते. आणि तो बघतो.